तिनं मला रडायला लावलं

खोलीची किल्ली हातात आली त्या दिवशी मी शाळेचा जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले. वय पंचेचाळीस, गुडघे जरा कुरकुरणारे, पण मोठ्या बाईंनी "घ्या, ती जिन्याखालची खोली तुमची" असं म्हटलं आणि माझे पाय माझ्या ताब्यात राहिले नाहीत.

जिन्याखालची ती खोली म्हणजे अडगळ. गॅदरिंगचे मुकुट, पुठ्ठ्याची झाडं, एक मोडका पेडेस्टल फॅन. छप्पर तिरकं, त्यामुळे एका कोपऱ्यात मोठ्या माणसाला उभंच राहता येत नाही. मला ते फार आवडलं. मुलांना कुठंही वाकावं लागणार नव्हतं, वाकणार होते मी एकटीच. दिवाळीच्या सुट्टीत मी ती धुतली, भिंतीला फिकट पिवळा रंग दिला. सोसायटीतल्या घराघरातून जुनी खेळणी मागून आणली: बाहुल्यांचं घर, डॉक्टरचा सेट, प्लास्टिकचे प्राणी, एक ढोलकी, हातात घालायची मांजराची आणि माकडाची बाहुली. पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये माझा भाऊ कामाला आहे. त्यानं पत्र्याचा उथळ ट्रे करून दिला, वाळू भरायला. कडा इतक्या घासल्या होत्या की मी गालावरून फिरवून पाहिल्या तरी टोचल्या नाहीत. ट्रे देताना त्यानं विचारलं, "ताई, मुलं वाळूत खेळणार आणि तू काय करणार?"

"मी बघणार."

"बघायला वर्षभर शिकलीस?"

खरंच शिकले होते. बेलापूरच्या या शाळेत चौदा वर्षं मी शिशुवर्ग सांभाळला. त्यानंतर वर्षभर दर शनिवारी सानपाड्याला जाऊन खेळातून उपचार कसे करायचे ते शिकले. घाबरट, चिडणारी, गप्प राहणारी लहान मुलं असतात, त्यांच्यासाठी. आम्हाला शिकवणाऱ्या ताई पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या, "चार वर्षांच्या मुलाला 'तुला कसली भीती वाटते' असं विचारू नका. त्याच्याकडे शब्द नसतात. त्याला खेळणी द्या, सुरक्षित जागा द्या आणि गप्प बसा. ते तुम्हाला दाखवेल." बाकीच्या बायका वहीत उतरवून घेत होत्या. माझा हात मात्र थांबला होता. मला माझं लहानपण आठवत होतं.

कोपरखैरण्याच्या घरातून शाळेत जायचं म्हटलं की रोज सकाळी माझ्या पोटात कळ यायची. आई लिंबाचं सरबत द्यायची. वडील कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले असायचे, ते डोक्यावरून हात फिरवायचे आणि झोपायचे. शाळेत मी कुणाशी बोलायचे नाही. बाई म्हणायच्या, "किती शहाणी पोरगी आहे, आवाज म्हणून नाही." दरवर्षी मला त्याचं बक्षीसही मिळायचं, चांगल्या वर्तणुकीचं. ती पोटातली कळ नेमकी कशाची होती हे मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. खेळायला दिलं असतं तर मात्र मी नक्की काहीतरी दाखवलं असतं. हे त्या शनिवारी ध्यानात आलं आणि मी घरी येईपर्यंत स्वतःशीच बोलत होते.

खोली उघडल्यावर पहिली आली ती लहान शिशूतली, पाचवं लागलेली एक मुलगी. दिवाळे गावातली. वडील होडीवर जातात, आई बेलापूरच्या बाजारात मासे विकते. जूनपासून ही मुलगी शाळेत एक शब्दही बोलली नव्हती. हजेरीला हात वर करायची नाही, शू लागली तरी सांगायची नाही, मग चड्डी ओली व्हायची. रडायचीही नाही. दोन्ही ओठ आत ओढून घट्ट मिटायची, इतके की तोंडाच्या जागी एक बारीक रेघ दिसायची. रोज सकाळी पोटात दुखतं म्हणून घरी लोळण घ्यायची. डॉक्टरांनी तपासलं होतं, पोटात काही नव्हतं. ऐकायला-बोलायलाही सगळं ठीक होतं.

तिची आई भेटायला आली ती बाजारातून परस्पर. पाटी बाहेर ठेवली, हात पदराला पुसले आणि उभ्यानंच बोलायला लागली.

"मॅडम, घरान ही जाम बोलते. बापाला बोलू देत नाय. न् शालंन आली क त्वांड बंद. मना काय समजत नाय."

मी म्हटलं, "तुम्ही बसा तर खरं."

"बसत नाय, कापराना वास हाय माज्या," ती पदर चिमटीत धरून म्हणाली.

"असू दे. मला मासे आवडतात."

ती हसली आणि बसली. मी तिला सांगितलं की आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं, मी तिच्या मुलीला या खोलीत खेळायला देणार. अभ्यास नाही, 'बोल' म्हणणं नाही. तिनं खोलीभर नजर फिरवली. खेळण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "खेलून बोलंल?" तिनं विचारलं. तिला खोटं सांगवेना. म्हटलं, "माहीत नाही. पण भीती थोडी हलकी होईल असं मला वाटतं."

पहिल्या दिवशी मुलगी दाराशी उभी राहिली. ओठ आत. मी खाली बसले आणि शिकवलेलं वाक्य म्हटलं, "ही खेळायची खोली. इथं तुला हवं ते खेळता येतं. नाही खेळलीस तरी चालतं." चाळीस मिनिटं ती तिथंच उभी राहिली. दुसऱ्या खेपेला दोन पावलं आत आली. तिसऱ्या खेपेला तिनं वाळूत एक बोट घातलं आणि लगेच काढून घेतलं. त्या एका बोटाचा मला किती आनंद झाला! घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "आज तिनं वाळूत बोट घातलं!" तो पेपर वाचत होता. "अरे वा," म्हणाला आणि मग चष्म्यावरून बघत, "म्हणजे हे चांगलं ना?"

माझी अडचण एकच होती. चौदा वर्षं वर्गावर असलेली बाई माझ्यातून जात नव्हती. मुलीनं हत्ती उचलला की माझ्या तोंडून यायचं, "हा कोण? हत्ती ना? हत्तीला किती पाय?" लगेच ती हत्ती खाली ठेवायची. मी सानपाड्याच्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही परीक्षा घेताय तिची. प्रश्न बंद करा. ती जे करते ते फक्त म्हणा. 'तू हत्ती उचललास.' बास." मी तळहातावर पेनानं लिहून ठेवलं, 'प्रश्न नाही'. सातव्या खेपेपर्यंत माझे प्रश्न खरंच थांबले. आणि मग तिनं खेळायला सुरुवात केली.

बाहुल्यांच्या घरातली सगळी माणसं तिनं बाहेर काढली आणि एका लहान बाहुलीला एकटीला आत ठेवलं. मग डॉक्टरच्या सेटमधली पट्टी घेतली आणि त्या बाहुलीच्या तोंडाभोवती गुंडाळली. एक वेढा, दोन वेढे, पट्टी संपेपर्यंत. मी म्हटलं, "तू तिचं तोंड बांधलंस." तिनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत. माझ्या अंगावर काटा आला. पण विचारायचं नव्हतं. मी ओठ चावून बसून राहिले.

पुढच्या खेपेला तिनं मला कामाला लावलं. मला खांद्याला धरून त्या तिरक्या छपराखाली, वाकून बसावं लागेल अशा कोपऱ्यात नेलं आणि माझ्या पाठीला माझीच पर्स दप्तरासारखी लावली. मग स्वतः माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आता ती बाई होती आणि मी मूल. ती माझ्याकडे बोट दाखवून वाट बघायला लागली. मी काय करायचं ते मला कळेना. मी म्हटलं, "मी काय करायचं ते तू ठरव."

आणि ती म्हणाली, "रर."

बारीक, चिरका आवाज. मला वाटलं ती गाडी चालवतेय, इंजिनाचा आवाज काढतेय. शाळेत तिच्या तोंडातून निघालेला पहिला आवाज! मी उत्साहानं म्हटलं, "तू गाडी चालवतेस!"

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "रर," पुन्हा म्हणाली. "रर ना!"

अजूनही मला कळेना. तेवढ्यात तिनं दोन्ही मुठी डोळ्यांवर फिरवून दाखवल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दिवाळे गावात गाडीला गारी म्हणतात आणि साडीला सारी. रर म्हणजे रड! ती मला रडायला सांगत होती.

मी रडले. आधी जरा भीत भीत, ऊं ऊं करत. तिला ते मुळीच पसंत पडलं नाही.

"असा नाय. जोरान."

मी जोरात रडले. भोकाड पसरलं. पाय आपटले, "आई, आई" म्हणून ओरडले. आणि शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. त्या मुलीच्याच वर्गाच्या बाई, तरुण, नव्यानं लागलेल्या. दार ढकलून बघतात तर मी पर्स पाठीला लावून कोपऱ्यात कोंबलेली आणि गळा काढून रडतेय, आणि त्यांच्या वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी. मी रडता रडता हातानंच त्यांना 'जा, जा' केलं. त्या दार लावून गेल्या. नंतर त्या मला म्हणाल्या की मोठ्या बाईंना बोलवावं की काय या विचारात त्या दहा मिनिटं उभ्या होत्या.

मी रडत होते तशी मुलगी माझ्याजवळ आली. तिनं आवाज बदलला. शाळेतल्या बाईंसारखा, गोड आणि करडा. माझ्या तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "गप. ररशील त आई नाय येनार."

मी खरंच गप्प झाले. नाटक म्हणून गप्प झाले नाही, मला पुढं रडताच येईना.

हे वाक्य मला ओळखीचं होतं. चौदा वर्षं जून महिन्यात गेटवर उभं राहून मी ते म्हणत आले होते. 'रडू नको हं, रडणाऱ्या मुलांची आई लवकर येत नाही.' सगळ्याच बाया म्हणायच्या, मावश्याही म्हणायच्या. मुलं हुंदका गिळायची, आम्हाला वाटायचं शांत झाली. या मुलीला ते कुणी म्हटलं होतं, मला ठाऊक नाही. यंदाच्या जूनमध्ये पहिले चार दिवस गेटवर मीही उभी होते. मी असेन. बाकी मुलांनी ते वाक्य दोन दिवसांत विसरून टाकलं असेल. हिनं ते खरं धरलं होतं. आई यायला हवी असेल तर रडायचं नाही, आणि तोंड उघडलं की रडू बाहेर येतं, म्हणून तोंडच उघडायचं नाही. सहा महिने ही एवढीशी मुलगी रोज साडेतीन तास आपल्या आईला परत आणायचं काम करत होती!

त्या दिवशी चाळीस मिनिटं संपल्यावर मी तिला वर्गात सोडलं, खोलीत परत आले आणि दाराला कडी घातली. एकीकडे लाज वाटत होती, दुसरीकडे उड्या माराव्याशा वाटत होत्या. ताईंना फोन लावला. मी इतकी भरभर बोलत होते की त्या म्हणाल्या, "आधी पाणी प्या." पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता तिला तो खेळ हवा तितका खेळू द्या. शेवट तिला शोधू द्या."

तो खेळ आम्ही किती वेळा खेळलो! मी रडायचे, ती 'गप' म्हणायची, मी हुंदका गिळायचे. असं तीन-चार खेपा झाल्यावर एक दिवस तिनं 'गप' म्हटल्यावर मी हळूच कुजबुजले, "मला अजून रडू येतंय. काय करू?" ती विचारात पडली. मग दप्तर माझ्या पाठीवरून काढलं, माकडाची बाहुली माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "रर. मी आई. मी येतंय." आणि दारापर्यंत गेली, प्लास्टिकचा टब डोक्यावर घेतला आणि पाटी सांभाळत चालणाऱ्या बाईच्या ऐटीत परत आली. "आयलू बग!" मी रडत होते आणि आई आली होती. तिनं मला मिठी मारली, आणि लगेच म्हणाली, "परत."

पुन्हा रडणं, पुन्हा आई. एका खेपेला अकरा वेळा आई आली. माझा घसा बसला. रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, "सर्दी झाली का?" मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "छे, रडून रडून." तो ताटावरून उठायलाच निघाला, तेव्हा त्याला सगळं सांगावं लागलं.

मला इतका आनंद झाला होता की मी एक चूक केली. तिच्या वर्गाच्या बाईंना मी सांगून टाकलं, "अहो, ती बोलते! चांगली चुरूचुरू बोलते!" सांगायला नको होतं असं नव्हे, पण कसं आणि किती, ते सांगायला हवं होतं. ते राहिलं. दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्या बाईंनी आनंदानंच तिला वर्गासमोर उभं केलं. "तू मॅडमशी बोलतेस ना? मग आम्हालाही एक गाणं म्हणून दाखव बरं. सगळे टाळ्या वाजवा." तीस मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिचे ओठ आत गेले, आणि ती तिथंच उभ्या उभ्या ओली झाली.

पुढच्या खेपेला ती खोलीत आली खरी, पण माझ्याकडे पाठ करून बसली. मी तिच्या मागे खाली बसले. म्हटलं, "मी तुझी गोष्ट बाहेर सांगितली." ती हलली नाही. थोड्या वेळानं उठली, डॉक्टरच्या सेटमधून पट्टी काढली आणि माझ्याकडे आली. माझ्या तोंडाभोवती पट्टी गुंडाळायला लागली. मी मान पुढे केली. तिनं घट्ट गाठ मारली आणि निवांत वाळूत खेळायला गेली.

अर्धा तास मी तशी बसले. पट्टी ती काय, हातानं ओढली असती तर निघाली असती. पण मी ओढली नाही. नाक भरून आलं, बोलायचं ते सगळं घशाशी येऊन थांबलं, पोटात कुठंतरी ती जुनी ओळखीची कळ आली. चाळीस वर्षांनी! मला वाटलं, ही मला समजावून सांगतेय. हे असं असतं बघ. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा मी पाच बोटं दाखवली. तिनं येऊन गाठ सोडली. दातांनी सोडली, इतकी पक्की बसली होती.

"आता बोल," ती म्हणाली.

"चुकलं माझं. तुला विचारल्याशिवाय मी आता कुणाला सांगणार नाही."

तिनं पट्टीची गुंडाळी करून डब्यात ठेवली. "बाईनी टाल्या वाजवायच्या नाय," असं बजावून सांगितलं आणि वर्गात गेली.

वर्गाच्या बाईंपाशी मी कबूल केलं की चूक माझी होती. त्या आधी जरा दुखावल्या, मग माझ्यापेक्षाही जास्त हौसेनं कामाला लागल्या. आम्ही दोघींनी मिळून गेटजवळच्या व्हरांड्यात एक चटई टाकली. ज्याला रडू येतंय त्यानं तिथं बसून रडायचं, कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसणार, 'रडू नको' म्हणायचं नाही. 'तुला आई हवीये. आई साडेअकराला येणार. रडलास तरी येणार, नाही रडलास तरी येणार,' एवढंच म्हणायचं. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, असं केलंत तर अख्खा वर्ग रडेल." मी म्हटलं, "रडू दे. बघूया तरी." खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. दोन दिवस खरंच अख्खा व्हरांडा रडला. तिसऱ्या दिवशी चटईवर चौघं होती, आणि त्यातली दोघं तिथं चटईच्या काड्या उपसत मजेत बसली होती.

घरासाठी मी मुलीच्या आईला एक काम दिलं. रोज दहा मिनिटं तिनं मुलीशी खेळायचं, पण मुलगी सांगेल तसं. ती म्हणाली, "मॅडम, मना खेलाचा येत नाय. मी सात वर्साची असल्यापासून सुकट निवरलंय." मी म्हटलं, "तुम्हाला येण्याची गरजच नाही, ती शिकवेल." आठवड्यानं ती सांगायला आली ती हसतच. मुलीनं ओट्याची शाळा करून आईला तिथं बसवलं होतं, आणि बापाला बाई केलं होतं. बाप होडीवरून दमून आलेला, लुंगीवर, हातात फूटपट्टी घेऊन उभा. गल्लीतल्या बायका बघायला जमल्या होत्या.

आणि मग तो सोमवार. जानेवारी होता, खाडीवरून गार वारा येत होता. आई तिला सोडून पाटी उचलून निघाली. रोज ती आईकडे न बघता, ओठ मिटून, ताठ आत चालत जायची. त्या दिवशी ती गेटपाशी थांबली. वळली. आईच्या पाठीकडे पाहिलं. तिचे ओठ थरथरायला लागले, मी बघत होते. आत जातील असं वाटलं, पण आत गेले नाहीत. बाहेर आले, वाकडे झाले आणि तोंड उघडलं.

तिनं असा काही टाहो फोडला की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. "आये! आये गो!" सात महिन्यांचं रडू होतं ते. नाकातोंडातून वाहत होतं. माझे डोळे भरून आले आणि तोंडभर हसू फुटलं, दोन्ही एकाच वेळी. आई पाटी तिथंच टेकवून धावत आली. मुलीला पोटाशी धरलं आणि माझ्याकडे बघून चिडलीच.

"मॅडम, पोर ररते न् तुमी हासताव?"

"अहो, ती रडतेय! शाळेत रडतेय! तोंड उघडून!" मला धड वाक्य करता येईना. आई माझ्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं. मुलीनं शाळेच्या आवारात आवाज काढला होता. ती मुलीला म्हणाली, "रर, माझे बाय, रर. मी बाजारान जातंय न् येतंय. साडेअकराला येतंय." आणि मुलगी रडत रडतच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बोंबील सपलं नाय तरी ये!"

"सपलं नाय तरी येतंय!"

चटईवर ती माझ्या शेजारी बसली. मी ठरलेलं वाक्य म्हटलं. सहा-सात मिनिटं झाली असतील. हुंदके लांब लांब व्हायला लागले, मग एक मोठा उसासा आला, मग जांभई. तिनं फ्रॉकला नाक पुसलं आणि चकित होऊन माझ्याकडे पाहिलं.

"सपला," ती म्हणाली.

रडू संपतं, हे तिला पहिल्यांदाच कळलं होतं. मी तिला काही शिकवलं नव्हतं, कुणाला शिकवताही आलं नसतं. ती उठली, दप्तर घेतलं आणि वर्गात गेली. साडेअकराला आई आली. गेटपाशी मुलगी आईला म्हणाली, "ररलू तरी आयलीस!" आई म्हणाली, "मंग?"

त्यानंतर सगळं एका रात्रीत सरळ झालं असं नाही. पोटदुखी महिनाभर अधूनमधून येत राहिली. आम्ही तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला तिच्या परवानगीनं खेळायच्या खोलीत पाहुणी म्हणून बोलावलं. मग दोघी पाहुण्या झाल्या. खोलीत तिघी मिळून मासळीबाजार मांडायच्या, वाळूत प्राणी पुरून भाव करायच्या, आणि हिचा आवाज सगळ्यात मोठा. फेब्रुवारीत एक दिवस वर्गाच्या बाई पेन हातात तसंच घेऊन माझ्याकडे धावत आल्या. "तिनं हात वर केला आणि म्हणाली, 'बाई, शू लागली.' मी टाळ्या नाही वाजवल्या हं! 'जा' म्हटलं फक्त. पण आता मला इथं वाजवू द्या." आणि त्या जिन्याखालच्या खोलीत, डोकं छपराला आपटत, आम्ही दोघींनी मनसोक्त टाळ्या वाजवल्या.

मार्चमध्ये शेवटच्या खेपेला तिनं मला काहीच खेळायला दिलं नाही. मी तीन आठवडे आधीपासून तिला सांगत आले होते की आता एवढ्याच वेळा यायचं आहे. तिनं सगळ्या प्राण्यांना ओळीत उभं केलं, प्रत्येकाला हात लावून "जातंय" म्हटलं, हत्तीला विसरली म्हणून परत आली. माझ्यापाशी थांबलीच नाही, बाहेर तिच्या मैत्रिणी हाका मारत होत्या.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मोठ्या बाईंनी शिक्षकांच्या बैठकीत मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, 'रडलास तर आई येणार नाही', आणि म्हटलं, "हे मी चौदा वर्षं म्हणत होते." मागच्या बाकावरून एक निवृत्तीला आलेल्या बाई हळूच म्हणाल्या, "मी तीस वर्षं." मग त्याच बाई उठल्या, डस्टरनं वाक्य पुसलं आणि मला विचारलं, "चटईवर सकाळी कोणकोण बसायचं ते ठरवायचं का?"

पहिल्या सोमवारी माझी पाळी होती. तीन चटया लागल्या. उरणहून बदली होऊन आलेल्या एका कुटुंबातली नवी मुलगी माझ्या मांडीत तोंड खुपसून रडत होती, तिच्या नाकातलं सगळं माझ्या ओढणीला. समोरून मोठ्या शिशूची रांग निघाली होती. त्यात दिवाळे गावची ती मुलगी होती, एक वेणी सुटलेली. पुढच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून ती तिला काहीतरी जीव तोडून सांगत होती, मोठमोठ्यानं, हातवारे करत. मी इथं बसलेय हे तिच्या गावीही नव्हतं. मी हाक मारली नाही. मांडीतल्या मुलीनं डोकं वर काढून विचारलं, "आई कधी येणार?" आणि मी तिला वेळ सांगितली.